गावातच घर असताना भाड्यानं राहायचंय : माझ्या यादीत काय राहिलंय?

अर्धी_पोळी | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय २४. घर पुण्यातच धायरीला, ऑफिस खराडीला. स्कूटरवरून जाताना सव्वा तास, येताना दीड. पावसाळ्यात मुंढव्याच्या पुलावर अडकले की मोजणं सोडून देते. हातात पगार येतो ३८,४००. मला खराडी-चंदननगर भागात वन आरके घेऊन एकटीनं राहायचंय. घरी भांडण नाही, काही नाही. बाबांचं म्हणणं एवढंच की, "त्याच गावात स्वतःचं घर असताना भाडं? लोकांचं सोड, गणित तरी जमतंय का तुझं?"

म्हणून रात्री बसून गणित मांडलं. (लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यावरून बाबा वेगळे चिडले, त्यांना ती बिलं फायलीत लागतात.) भाडं १३,०००, मेंटेनन्स १,०००, लाइट ६००, वायफाय ५००, किराणा आणि भाजी ४,०००, बाहेरचं खाणं २,०००, पेट्रोल ५००, मोबाइल ३००, इतर १,५००. एकूण २३,४००. शिल्लक बरोब्बर १५,०००.

मला तर छानच वाटतंय. म्हणूनच शंका येतेय. काय राहिलं?

चकलीचा_साचा | सोमवार, रात्री ११:५८

गॅस राहिला.

बिनसाखरेचा | मंगळवार, सकाळी ६:४०

पाणी राहिलं. त्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतात आणि बऱ्याच सोसायट्या टँकरचे पैसे मेंटेनन्सच्या वर वेगळे मागतात. पिण्यासाठी वीस लिटरचा जार मागवावा लागला तर तोही धर. जारवाला तिसऱ्या मजल्यावर चढायचे दहा रुपये जास्त घेतो, लिफ्ट असली तरी.

निवृत्त_पण_जागा | मंगळवार, सकाळी ७:१५

"इतर १,५००" या एका ओळीत ताईंनी अख्खा संसार बसवलाय. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

तीन_घरं_बदललेली | मंगळवार, सकाळी १०:२२

तुझी यादी दुसऱ्या महिन्यापासूनची आहे. पहिला महिना कुठाय?

डिपॉझिट तीन महिन्यांचं धरलं तर ३९,०००. पहिलं भाडं १३,०००. एजंट एक महिन्याचं भाडं घेणार, म्हणजे आणखी १३,०००. करारनामा. आता त्या भागातले वन आरके बहुतेक सेमी फर्निश्ड म्हणून देतात, आणि सेमी म्हणजे पंखा, ट्यूब आणि एक कपाट ज्याचं दार लागत नाही. गादी, शेगडी, कुकर, तवा, दोन बादल्या, पडदे, इस्त्री, डस्टबिन, पायपुसणं, कपडे वाळत घालायची दोरी, ती अडकवायला हुक, हुक ठोकायला हातोडी. हसू नको, हातोडी आणायला मी रात्री नऊ वाजता गेले होते. यातच वीस-बावीस हजार जातात. सगळं मिळून पहिल्या दिवशी नव्वद हजारांच्या आसपास. तुझ्या १५,००० शिलकीत ते भरून यायला सहा महिने.

आणि डिपॉझिट परत मिळेल हे गृहीत धरू नकोस. माझ्या दुसऱ्या घराचं ४५,००० होतं. बावीस महिने राहिले, एकदाही भाडं उशिरा दिलं नाही. सोडताना मालकांनी रंगाचे आणि साफसफाईचे म्हणून १७,००० कापले. पुरावा म्हणून त्यांनी भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या डागाचा फोटो पाठवला. तो डाग मी राहायला आले तेव्हापासून तिथे होता. माझ्याकडे पहिल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता, म्हणून गप्प बसले. तेव्हा सामान आत न्यायच्या आधी सगळ्या भिंती, नळ, सिंकच्या खालची बाजू आणि मीटरचं रीडिंग, सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकांना त्याच दिवशी पाठवून ठेव.

सेक्रेटरी_नाइलाजाने | मंगळवार, दुपारी १:०५

करारनाम्याबद्दल थोडं. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स नोंदवणं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरते" हे ऐकू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे तुमच्या भाड्याला चारशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. एजंट याचेच तीन-चार हजार सांगतात. तो फरक कसला, हे विचारायला लाजू नका. पोलीस व्हेरिफिकेशनही करून घ्या.

अजून एक. मालक "सोसायटी जास्त मेंटेनन्स लावते" म्हणून तुमच्यावर भार टाकेल. भाडेकरू ठेवल्याबद्दलचा तो आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, २००१ पासून तसा शासन आदेश आहे. आमच्या सोसायटीत हे मी सभेत वाचून दाखवलं, तेव्हापासून मला कुणी चहाला बोलावत नाही.

चकलीचा_साचा | मंगळवार, दुपारी १:११

सेक्रेटरींना एक कप चहा माझ्याकडून.

कॉट_क्रमांक_चार | मंगळवार, दुपारी ३:४८

धागा वाचून थोडं हसू आलं, थोडा रागही. ताई, राग मानू नका.

मी स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत पाच कॉट. माझी चार नंबरची, खिडकीशी, म्हणून दोनशे जास्त. कॉटचे ३,२००, मेसचे दोन वेळचे ३,४००, अभ्यासिकेचे १,२००. चहा-नाश्ता, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, फॉर्मची फी मिळून आणखी दोन हजार. म्हणजे दहा हजारांत महिना, आणि ते दहा हजार बापानं सोयाबीन विकून पाठवलेले. तिसरं वर्ष आहे. माझ्या शेजारच्या कॉटवरचा सहावं करतोय. आमच्यासाठी "स्वतंत्र" म्हणजे पोस्ट निघाल्यावर घरी एक फोन करायचा, बस. धायरीला घर आहे, आई गरम पोळी वाढते, आणि तरीही महिन्याला चोवीस हजार घालवायचे, याला आमच्याकडे चोचले म्हणतात.

माहिती म्हणून सांगतो : मेस रविवारी रात्री बंद असते. दुपारी फीस्ट देतात आणि रात्री उपाशी. रविवारचा वडापाव बजेटमध्ये धरा.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ४:३०

@कॉट_क्रमांक_चार, तुमचं दुःख मान्य. पण चोचले म्हणायच्या आधी प्रवास मोजा.

ताईंचे जाऊन येऊन पावणेतीन तास. २२ दिवसांचे साठ तास. अंतर एकेरी २२ किमी धरलं तर महिन्याला ९६८ किमी. स्कूटरचं ॲव्हरेज ४५, म्हणजे साडेएकवीस लिटर, १०४ च्या भावानं सव्वादोन हजार. सर्व्हिसिंग, टायर आणि मानेचा बाम धरलेला नाही. पेट्रोलमध्ये वाचले पावणेदोन हजार. म्हणजे उरलेल्या एकवीस-बावीस हजारांत ती महिन्याचे साठ तास विकत घेतेय. महाग आहेत का? आहेत. पण मग प्रश्न तासाला साडेतीनशे द्यावेत का, असा विचारा.

कॉट_क्रमांक_चार | मंगळवार, दुपारी ४:४१

आयोगाच्या पेपरात असं गणित आलं असतं तर मी आज इथं नसतो.

वऱ्हाडी_भेदरा | मंगळवार, सायंकाळी ६:०२

राजेहो, तुमचं बरं हाय, घर जवळ तरी हाय. आमचं घर अकोल्याले. मले पुण्यात राहाचं का नाई हा सवालच नोता, नोकरीच इथं भेटली. तुमच्या यादीत गावी जायचा खर्च नाई, तो माह्या यादीत सगळ्यात मोठा. दिवाळीच्या टायमाले ट्रॅव्हल्सवाला तिकिटाचे असे काई पैसे सांगते का आपल्याले वाटते गाडी विकतच घेऊन राहिलो. नियम हाय का एसटीच्या दीडपटीच्या वर घेता येत नाई. एका जागी म्या नियम वाचून दाखवला, तं थो म्हणे, "मंग एसटीनंच जा ना बाप्पा."

बायायले एसटीत अर्ध तिकीट हाय, माही बहीण त्याच्यानंच येते-जाते. आमाले कोनी इचारत नाई.

निवृत्त_पण_जागा | मंगळवार, रात्री ८:२०

१९७९ साली मी नारायण पेठेत एका वाड्यात माडीवर राहत होतो. कॉटचे ४० रुपये. मालकीणबाई रात्री दहाला मेन स्विच बंद करीत. नळ सामाईक, पहाटे पाचला एकदाच. पगार ४१०...

चकलीचा_साचा | मंगळवार, रात्री ८:२२

आला, आला, १९७९ आला! कुणी पैज लावली होती?

निवृत्त_पण_जागा | मंगळवार, रात्री ८:३५

पूर्ण वाचत जा साहेब. सांगायचं होतं ते वेगळंच. ४१० मधले ४० म्हणजे पगाराच्या दहाव्या हिश्शात निवारा मिळत होता. ताईंचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातोय. "आमच्या वेळी आम्ही कसं भागवलं" म्हणणाऱ्यांनी आधी हा भागाकार करावा. मीही माझ्या मुलाला ऐकवायचो, आता बंद केलंय.

चकलीचा_साचा | मंगळवार, रात्री ८:३७

माफी. पैज हरलो.

हप्त्याचा_माणूस | मंगळवार, रात्री ९:५०

भाडं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा आत्ताच वाघोलीच्या पुढे एखादा वन बीएचके बुक करा. तेवढाच हप्ता, आणि वीस वर्षांनी घर तुमचं.

तीन_घरं_बदललेली | मंगळवार, रात्री ९:५७

तेवढाच हप्ता? सुरुवातीला भरायचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि ताबा मिळेपर्यंत भाडं अधिक हप्ता, हे वीस वर्षांच्या कोणत्या वर्षात बसतं? शिवाय २४ व्या वर्षी हिला माहीत तरी आहे का की २७ व्या वर्षी ऑफिस खराडीलाच असेल? माझं हिंजवडीला गेलं. मी घर बदललं. तुमचा फ्लॅट उचलून हिंजवडीला नेता येतो का?

हप्त्याचा_माणूस | मंगळवार, रात्री १०:०४

राहू द्या. मी आपलं भल्यासाठी सांगितलं. (माझं ऑफिसही हिंजवडीलाच गेलंय.)

कृष्णाकाठची | बुधवार, सकाळी ११:१५

मुलगी म्हणून एक कर वेगळा भरावा लागतो, तो कुणी लिहिला नाही. सांगलीहून आले तेव्हा मला ९,००० ला खोली मिळत होती. रस्त्यापासून आत, बोळात, दिवा एकच, तोही नगरसेवकाच्या मर्जीवर. तीच खोली माझ्या मित्रानं घेतली आणि मजेत राहिला. मी मेन रोडवरची, वॉचमन असलेली ११,५०० ला घेतली. तो अडीच हजारांचा फरक म्हणजे माझा वॉचमन. रात्री दहानंतर रिक्षा किंवा कॅब, चालत नाही, तेही महिन्याला हजार-बाराशे.

शिवाय मुलाखत. मालकीणकाकू पगार विचारत नाहीत, "मित्र वगैरे येतात का?" विचारतात. "लग्न कधी?" विचारतात. एकीनं "मासिक पाळीत देवघराकडच्या खोलीत जाणार नाहीस ना?" असं विचारलं, खोली एकच होती. मी म्हटलं, मग मी उभी कुठं राहू?

स्टुटगार्टची_शिदोरी | बुधवार, दुपारी ४:१०

इथला अनुभव. जर्मनीत शिकायला यायचं तर आधी एका खात्यात पैसे अडकवून दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा वर्षाला ११,९०४ युरो झाला, म्हणजे महिन्याला ९९२. सरकारनंच एकट्या विद्यार्थ्याच्या जगण्याचा दर लिहून ठेवलाय. तेवढेच दर महिन्याला खात्यातून सुटतात, एक युरो जास्त नाही. माझी खोली त्यातले ४६० खायची.

मजा पुढे. नोकरी लागल्यावर पहिलं घर बघायला गेले. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत चार भिंती आणि भिंतीतून डोकावणारा एक नळाचा पाइप. ओटा, सिंक, शेगडी काही नाही. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेला होता. तो त्याचा हक्क! दोन महिने मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो.

पण डिपॉझिटबाबत ते बरे. मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागायचं नाही असं कायदाच सांगतो, आणि ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा असते. चिकटपट्टीचा डाग मात्र इथेही मोजतात.

बिनसाखरेचा | बुधवार, दुपारी ४:२६

आधीचा भाडेकरू ओटा घेऊन गेला?? आमच्याकडे आधीचा भाडेकरू फक्त थकलेलं लाइटबिल ठेवून जातो.

म्हापशेकार | बुधवार, सायंकाळी ५:००

आमच्या गोव्यात घरमालक म्हणतात, नोव्हेंबरात खोली सोडा, सीझन संपला की परत या. तेवढे चार महिने माणसानं कुठं जायचं? मी मावशीकडे जातो. माझ्या बजेटात "मावशीसाठी मासळी" असा कायमचा रकाना आहे.

आईच्या_बाजूने | बुधवार, रात्री ९:३०

मी इथे सहसा लिहीत नाही. माझा मुलगा सहकारनगरचं घर सोडून दोन वर्षांपूर्वी बाणेरला राहायला गेला. त्याच गावात. मला फार लागलं होतं. नातेवाइकांना "ऑफिस जवळ पडतं" सांगायचे, आणि सांगताना आपलंच आपल्याला पटत नसायचं.

तो दर शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन यायचा. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "आई, तेलाचा डबा एवढा महाग असतो?" मी म्हटलं, हो. मग म्हणाला, "आणि तो किती दिवसांत संपतो गं?" घरी २६ वर्षं त्याच तेलातलं खाल्लं, पण डबा संपताना कधी पाहिला नव्हता. त्यानंतर धुणं आणायचं बंद केलं. ते मी सांगितलं नव्हतं, उलट थोडं चुकल्यासारखं झालं.

अर्धी_पोळी, तुझ्या यादीत किराणा ४,००० लिहिलायस. एकदा आईला विचार, तेल, डाळ, साबण, हळद, कापूर, डासांची उदबत्ती, भांड्यांची घासणी, हे घरी महिन्याला किती लागतं. तिला न बघता सांगता येईल.

अर्धी_पोळी | बुधवार, रात्री ११:४०

काकू, विचारलं. भाजी करता करता सांगितलं, सतरा वस्तू, किमतींसह. माझ्या चार हजारांत दूधच धरलं नव्हतं.

कॉट_क्रमांक_चार, राग नाही मानला. चोचले असतीलही. पण घरी मी २४ वर्षांची झाल्यासारखं मला वाटत नाही, एवढंच एक कारण आहे आणि ते बाबांना सांगता येत नाही. यादी परत केली. फ्रिजही राहिला होता.

चकलीचा_साचा | बुधवार, रात्री ११:४२

मी पहिल्याच मिनिटाला गॅस म्हटलं होतं. तो घेतला का यादीत?

तीन_घरं_बदललेली | गुरुवार, सकाळी ९:२०

गॅससाठी : घरगुती जोडणीच्या भानगडीत लगेच पडू नकोस, पाच किलोचा छोटा सिलेंडर घे. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. महाग पडतो, पण एकटीला महिना-दीड महिना जातो. तो संपतो मात्र नेहमी कुकरच्या दुसऱ्या शिट्टीनंतर, तिसरीच्या आधी. इंडक्शन ठेव जवळ. आणि पोळ्या लाटत बसू नकोस, जवळचं पोळीभाजी केंद्र शोध.

आणि खरं सांगू? वन आरकेचा हट्ट सोड. शेअरिंगमध्ये जा. एकटीचा फ्रिज, एकटीचं वायफाय, एकटीचा जार, सगळं पूर्ण भरावं लागतं.

कृष्णाकाठची | गुरुवार, सकाळी ९:३१

+१. फक्त फ्रिजमधल्या अंड्यांवर पेनानं नाव लिहायचं. आमच्याकडे यावरून एक मैत्री तुटली आहे.

अर्धी_पोळी | तीन महिन्यांनी, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, हिशोब द्यायला.

वन आरके सोडला. चंदननगरला टू बीएचकेमध्ये तिसरी म्हणून शिरले. दोघी आधीपासून होत्या, त्यामुळे एजंट वाचला, फ्रिज आयता मिळाला. माझ्या वाटचं भाडं ८,५००, डिपॉझिट २०,०००. करारात माझं नाव घालून परत नोंदणी करून घेतली (सेक्रेटरी, धन्यवाद, मालक दोन दिवस कुरकुरले). गेल्या महिन्याचा सगळा खर्च २१,१७०. त्यातले २,६०० डोळ्यांच्या डॉक्टरांचे आणि चष्म्याचे, तो रकाना माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. घरी असताना असे पैसे कोण भरत होतं, ते आता कळलं.

बाबा पहिल्या रविवारी आले. बसले नाहीत. खिशातून टेस्टर काढला आणि तिन्ही खोल्यांतले सगळे प्लग तपासत फिरले. गीझरच्या प्लगला अर्थिंग नव्हतं. मालकांना फोन लावून तिथल्या तिथे इलेक्ट्रिशियन बोलावला, तो जाईपर्यंत थांबले. मग खाली जाऊन मीटरचं रीडिंग लिहून आणलं आणि कागद माझ्या हातात दिला. लाइटबिलाच्या मागची कोरी बाजू होती. "फाइल कर," म्हणाले. मग चहा घेतला.

एकच तक्रार. आमच्या गल्लीतल्या मेसचा डबा लावलाय, तो रविवारी रात्री येत नाही. आत्ता सव्वानऊ वाजलेत आणि घरात दोन टोस्ट आहेत. हे कुणी सांगायचं नाही का?

कॉट_क्रमांक_चार | तीन महिन्यांनी, रविवार, रात्री ९:१७

पहिल्याच पानावर सांगितलंय. वडापावसकट.